छाप

गेल्या वर्षी भीमजयंतीच्या आधी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात तरुण कार्यकर्त्यांची बैठक झाली. पोस्टरे कशी करावीत हा विषय होता. मी निवृत्त शाळामास्तर. अशा बैठकांना मला बोलावतात आणि मीही जातो. एक मुलगा उठला. आपलाच मुलगा, चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेला, हाताने गुणी. तो म्हणाला, "सर, ते भडक निळे, त्या सोनेरी किरणांच्या महिरपी, ते सगळे कॅलेंडर-छाप यंदा नको. जरा अभिरुची दिसू द्या." काहींनी माना डोलावल्या. मी त्या वेळी काही बोललो नाही. घरी आल्यावर वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडली, तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूकडे पाहत बसलो आणि मनात आले की, या मुलाला उत्तर द्यायचे तर ते या झाकणापासून सुरू करावे लागेल.

झाकणावर तीन चित्रे आहेत. एक हत्ती, एक आगगाडी आणि एक बाबासाहेब. बाबासाहेबांच्या चित्राभोवती पत्रा खरवडल्याच्या खुणा दिसतात, कारण तिथे पूर्वी दुसरे चित्र होते. ही चित्रे कुठून आली, एक का खरवडले गेले आणि दोन का राहिली, हा आमच्या घराचा इतिहास आहे. पण मला वाटते, तो आपल्या समाजाच्या एका मोठ्या इतिहासाचा तुकडाही आहे, आणि त्याकडे आपल्या लिहित्या माणसांनी फारसे पाहिलेले नाही.

'छाप' हा शब्द आज आपण नाक मुरडून वापरतो. मूळ अर्थ साधा आहे : छाप म्हणजे ओळखीची खूण. आणि आपला इतिहास तर खुणांनीच भरलेला आहे. कोणी कोणाच्या अंगावर कोणती खूण ठेवायची, हाच त्यातला झगडा आहे.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली जे भाषण लिहिले, आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे जे कधी झाले नाही, ते आपण सर्वांनी वाचलेले आहे. पण ते एकदा फक्त वस्तूंकडे लक्ष ठेवून वाचा. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके. महाराष्ट्रात मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा. झाडू, मडके, दोरा : घराघरांतल्या या साध्या वस्तू माणसाच्या अंगावर चढवल्या की त्याची जात होत असे. पुढे १९२८ सालचा इंदूर भागातला बलाई समाजाचा दाखला येतो. सवर्णांनी बलायांना जे नियम घालून दिले, त्यांत एक असा की त्यांनी कलाबतूच्या काठाची पगडी बांधू नये, आणि दुसरा असा की त्यांनी रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी आपल्या काही स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला, तेही बाबासाहेबांनी तिथेच नोंदवले आहे.

वाचकांनी इथे थोडे थांबावे. त्या नियमात धोतर नेसण्याला बंदी नव्हती. बंदी होती ती धोतराच्या काठावरच्या रंगाला. झानूत राग होता तो भांड्याच्या चकाकीचा. म्हणजे ज्याला आज आपण 'डिझाइन' म्हणतो, ते या व्यवस्थेला कधीच क्षुल्लक वाटले नाही. एका बोटाच्या रंगीत काठात किती बंड मावते, हे तिला आपल्या आधी कळले होते. बाबासाहेबांनाही ते कळले होते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर त्यांनी जमलेल्या स्त्रियांशी जे बोलणे केले, त्याचा मोठा भाग लुगडे कसे नेसावे आणि जात ओळखू येणारे दागिने कसे टाकून द्यावेत, यावर होता. मनुस्मृतीच्या दहनानंतर लुगड्याची गोष्ट! ज्याला ही गोष्ट किरकोळ वाटते, त्याला खुणांचे राजकारण कळलेले नाही.

आता ट्रंकेकडे येतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, १९३० नंतर केव्हातरी कोकणातून मुंबईच्या गिरणीत आले. गाव सोडताना खांद्यावर घोंगडी होती. मुंबईत पहिल्या वर्षाच्या पैशांतून त्यांनी ही ट्रंक घेतली. शेजारच्या खोलीतले तात्या कापडबाजारात हमाली करीत. कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची रंगीत तिकिटे त्यांना कधीमधी मिळत, छपाई बिघडलेली, कोपरा फाटलेली. त्यांतली चार त्यांनी आबांना दिली. ती आबांनी खळीने झाकणाच्या आत चिकटवली : हत्ती, आगगाडी, एक विलायती राजा आणि लक्ष्मी. राजाचे चित्र पुढे आपोआप गळून गेले, असे आई सांगे.

या तिकिटांचा इतिहास मी पुढे शोधून वाचला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टर आणि ग्लासगोच्या व्यापाऱ्यांचे कापड हिंदुस्थानात गावोगाव जाऊ लागले. गिऱ्हाईक बहुतेक निरक्षर. कंपनीचे नाव त्याला वाचता येत नाही. तेव्हा प्रत्येक पेढीने आपल्या ताग्यावर एक चित्र लावले, आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन त्या चित्राच्या नावाने कापड मागू लागला : अमुक छाप द्या. चित्रे रंगीत शिळाछापावर निघत. एका रंगाला एक दगड. आठ रंग हवे असतील तर तोच कागद आठ वेळा दगडाखालून जायचा, आणि एकदा जरी केसभर सरकला तरी हत्तीची सोंड एकीकडे आणि तिचा रंग दुसरीकडे. देव, राजे, बायका, वाघ, हत्ती, घोडे, पुढे आगगाड्या आणि विमानेही त्यांवर आली. दुसऱ्याने आपली छाप चोरू नये म्हणून १८८९ साली सरकारने मालावरील खुणांचा कायदाही केला. मुंबईत १८५४ साली पहिली सूतगिरणी स्थापन झाली. मग इथल्या गिरण्यांनीही आपापल्या छापा काढल्या. त्याच काळात पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला, मुंबईत १८९४ साली रविवर्म्याचा छापखाना निघाला, आणि देवांची रंगीत चित्रे घरोघर गेली.

या घटनेचे महत्त्व कलेच्या इतिहासात सांगितले जाते ते असे की, चित्र स्वस्त झाले. आपल्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. देवळात ज्याला पायरीपाशी उभे राहू देत नव्हते, त्याच्या झोपडीत देवाचे चित्र आले. छापील कागदाला विटाळ होत नव्हता. दुकानदाराने पैसे लांबून घेतले असतील, चित्र लांबून टाकले असेल. पण घरी आल्यावर ते चित्र त्याच्या हातात होते, वाटेल तिथे चिकटवायला. आबांच्या आधीच्या सात पिढ्यांत कोणाच्या घरात एवढे रंग एका जागी आले नसतील, जेवढे त्या चार तिकिटांत होते.

पण ही गोष्ट इथेच संपवली तर ती खोटी होईल. त्या तिकिटांखालच्या कापडाचे काय?

आबा आयुष्यभर सूतकताईच्या खात्यात राबले. त्यांना विणाई खात्यात जायचे होते, कारण विणकराला पगार चांगला. पण मुंबईच्या गिरण्यांत विणाई खाते अस्पृश्यांना बंद होते. कारण असे : मागावरच्या धोट्यातली कांडी संपली की नवी घालताना सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. तो धोटा मग दुसऱ्याच्याही तोंडाला लागायचा. म्हणून आपल्या माणसाने कातलेले सूत चाले, त्याच सुताचे कापड अंगावर चाले. त्याची थुंकी लागलेला धोटा चालत नसे. १९२८ साली मुंबईच्या गिरणीकामगारांचा सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला. सर्व कामगार एक, ही घोषणा त्या संपात दुमदुमत होती. बाबासाहेबांनी तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला की, विणाई खात्यातली ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या मागण्यांत आहे काय? कामगारांच्या एकजुटीला तो प्रश्न पेलणे जड गेले, हे आपल्याला ठाऊक आहे. आबा गिरणीत लागले तेव्हाही ते दार त्यांच्यापुरते बंदच होते.

म्हणजे माझ्या वडिलांच्या ट्रंकेवर चित्र होते ते अशा कापडाचे, जे विणायला त्यांना मनाई होती. तिकिटावर हत्ती आहे, देव आहे, राजा आहे. ज्याने सूत कातले तो कुठेच नाही. जाहिरात ही नेहमी अशीच असते. ती वस्तू दाखवते आणि हात लपवते. रंगांनी भारावून जाणाऱ्या आपल्या तरुणांनी आणि रंगांना नाके मुरडणाऱ्या आपल्या तरुणांनी, दोघांनीही हे ध्यानात ठेवावे.

तरीही त्या हत्तीने एक दिवस आपले काम केले.

१९५२ च्या आरंभी पहिली सार्वत्रिक निवडणूक मुंबईत झाली. मुंबई शहर उत्तर या दोन जागांच्या मतदारसंघात राखीव जागेसाठी बाबासाहेब स्वतः उभे होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची निशाणी हत्ती होती. कोट्यवधी मतदार निरक्षर, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवलेली आणि पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली; मतदाराने कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. कापडबाजाराने शंभर वर्षांपूर्वी जी युक्ती काढली, तीच लोकशाहीने उचलली होती : वाचता येत नाही त्याला चित्र द्या. मी तेव्हा लहान होतो. पुढे आईला विचारले, "तुला पेटी कशी कळली?" ती म्हणाली, "मला वाचाया कुठं येत व्हतं? पन हत्ती वळखीचा. ट्रंक उघडली की रोज दिसायचा. त्याच्याच पोटात टाकलं."

बाबासाहेब त्या निवडणुकीत पडले. आई ते सांगताना नेहमी गप्प होई. पण मला आज वाटते, ती गोष्ट केवळ पराभवाची नाही. ज्या बाईच्या आजीला रंगीत काठ नेसायची चोरी होती, तिने बाजारातल्या एका जाहिरातीवर आपली नजर तयार केली आणि त्या नजरेने राज्यकर्ता निवडायला गेली. हत्ती तोच. व्यापाऱ्याच्या ताग्यावर तो मालाची खूण होता; पेटीवर तो आमची खूण झाला. पुढे १९८४ नंतर उत्तर भारतात बहुजन समाज पक्षाने तो कुठवर नेला, हे सर्वांसमोर आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. आबा नागपूरला जाऊ शकले नाहीत. पण बावीस प्रतिज्ञा चाळीत पोहोचल्या, आणि एका रविवारी खोल्याखोल्यांतून देवांच्या तसबिरी खाली उतरल्या. आमच्या भिंतीवरचे खिळे रिकामे झाले. मग आबांनी ट्रंक उघडली आणि विळ्याच्या टोकाने लक्ष्मी खरवडून काढली. खळ जुनी आणि घट्ट होती. पत्र्यावर ओरखडे उठले. आई म्हणाली, "तो हत्ती ऱ्हाऊ द्या." आबा म्हणाले, "हत्तीनं काय केलंय आपलं? ऱ्हाऊ दे त्यो." नंतर दोनच महिन्यांत ६ डिसेंबर उजाडला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी दादरच्या चौपाटीवरून आबांनी बाबासाहेबांचे एक छापील चित्र आणले आणि ओरखड्यांवर चिकटवले. ते नेमके बसले नाही. खरवडल्याच्या खुणा चारी बाजूंनी दिसत राहिल्या, आज तुम्हाला दिसतात तशा.

त्या चित्राकडे नीट पाहा, कारण आपला चित्रकार मित्र ज्याला कॅलेंडर-छाप म्हणतो ते हेच. निळा कोट, पांढरा सदरा, टाय, खिशात पेन, हाताशी पुस्तक, डोळ्यांवर चष्मा, मागे सूर्याची किरणे. देवाच्या चित्रात हातांत शंख, चक्र, गदा असतात. कोणता देव ते त्यावरून ओळखायचे. आपल्या लोकांनी आपल्या माणसाची ओळख कशावरून ठरवली? दुकानात मिळणाऱ्या वस्तूंवरून : कोट, पेन, पुस्तक, चष्मा. ज्या समाजाला काठाचे धोतर मना होते, त्याने आपल्या नेत्याला संपूर्ण सुटात रंगवले, आणि रंगवतच राहिला. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला, त्यांच्या हयातीतच, जोतिबा फुल्यांच्या शेजारी त्यांचा पुतळा उभा राहिला. १९६७ साली संसदेच्या आवारात शिल्पकार वाघ यांनी घडवलेला पुतळा उभा राहिला. पण गावोगावच्या पुतळ्यांना निळा रंग कोणी दिला? आपल्या लोकांनी. ब्राँझचा किंवा दगडाचा मूळ रंग ठेवावा, हे सौंदर्यशास्त्र त्यांनी ऐकले नाही. कोट निळा दिसला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. मला ते म्हणणे बलायांवरच्या त्या नियमाला दिलेले उत्तर वाटते.

निळा रंगही असाच रोजच्या जगण्यातून आला. फेडरेशनची स्थापना १९४२ साली नागपुरात झाली, तिचा झेंडा निळा. पुढे रिपब्लिकन पक्षाचाही निळा. त्याचा अर्थ आकाश, समता, असा विद्वान लोक सांगतात, आणि तो खोटा नाही. पण चाळीत तो रंग यायचा कसा, हे मला माहीत आहे. जयंतीच्या आधी खोलीला चुना द्यायचा आणि चुन्यात कपड्यांना घालायची नीळ कालवायची. पुडी स्वस्त, भिंत निळी. पुढे मी वाचले की ही नीळ म्हणजे झाडापासूनची नीळ नव्हे. युरोपातले चित्रकार ज्या निळ्यासाठी दूरच्या खाणीतला मौल्यवान दगड दळून घेत आणि सोन्याच्या तोलाने पैसे मोजत, तोच रंग १८२८ च्या सुमारास कारखान्यात करता येऊ लागला आणि पुढे धुण्याच्या पुडीत आला. एके काळी ज्या रंगात फक्त श्रीमंतांच्या देवळातल्या मेरीचे वस्त्र रंगवले जाई, त्या रंगात आमची दहा बाय बाराची खोली रंगली. मला या गोष्टीचा आजही आनंद होतो, आणि तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

१९७२ साली दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा मी नुकता मास्तर झालो होतो. भिंती रंगवायला आम्ही रात्री बाहेर पडत असू. आमच्या गल्लीत एक पेंटरकाका होते. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्यांचा धंदा. उरलेला रंग ते आम्हाला देत. एका सभेसाठी पँथर काढायचा होता. पँथर कोणी पाहिला होता? काकांनी खिशातून आगपेटी काढली, तिच्यावरचा वाघ पाहिला, म्हणाले, "पट्टे काढून टाकू आणि काजळी फासू." तसा तो उसळी घेणारा काळा वाघ सिमेंटच्या भिंतीवर उभा राहिला. आम्हाला तेव्हा हे उधारीचे वाटले, थोडी शरमही वाटली.

ती शरम अज्ञानाची होती, हे खूप वर्षांनी कळले. कारण ज्यांच्याकडून आपण ते नाव घेतले, त्यांचा पँथरही असाच जन्मला होता. अमेरिकेत अलाबामा राज्यात लाऊंड्स नावाचा परगणा आहे. तिथे पाचांतले चार लोक काळे. पण १९६५ साल उजाडले तेव्हा त्यांच्यातला एकही मतदार यादीत नव्हता. त्यांनी आपला स्वतंत्र पक्ष काढला. निरक्षर मतदारांसाठी मतपत्रिकेवर पक्षाची निशाणी असावी, असा तिथला कायदा. तिथल्या सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाची निशाणी पांढरा कोंबडा होती, आणि १९६६ पर्यंत त्या कोंबड्याबरोबर 'गोऱ्यांचे वर्चस्व' हे शब्द छापले जात. त्याच्यासमोर यांनी काळा पँथर उभा केला. चित्र कुठून घेतले? अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंच्या निशाणीवरून! १९६६ च्या नोव्हेंबरात त्यांचे उमेदवार पडले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला आणि तो पँथर त्यांच्याकडे गेला. तिथून सहा वर्षांत मुंबईत आला.

पाहा, हे किती सारखे आहे. तिकडे निरक्षर काळा शेतमजूर, इकडे निरक्षर महार बाई. दोघांपुढे मतपेटी, दोघांना वाचता येत नाही, दोघांना एक जनावर ओळखीचे. दोन्ही निशाण्या पहिल्या निवडणुकीत हरल्या आणि दोन्ही निशाण्या टिकल्या.

आणखी एक गोष्ट आपल्या चित्रकार मुलांनी मुद्दाम वाचावी. ब्लॅक पँथरांच्या वृत्तपत्राचा चित्रकार एमरी डग्लस. त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात शिकलेली कला होती जाहिरातीची. त्याआधी बालगुन्हेगारांच्या संस्थेत त्याला छापखान्यातले काम मिळाले होते. साबण कसा विकावा, लक्ष कसे वेधावे, दुरून काय दिसते आणि काय दिसत नाही, हे सारे तो जाहिरातीच्या वर्गात शिकला आणि ते त्याने आपल्या माणसांसाठी वापरले. पैसे कमी, म्हणून काळ्याच्या जोडीला एखादाच रंग. रेषा जाड, म्हणजे खराब छपाईतही चेहरा बुजणार नाही. चित्रांत कोण? झाडू धरलेली बाई, भाड्याच्या खोलीतले मूल. ज्या हाताला जाहिरात लपवते, तो हात त्याने जाहिरातीच्याच भाषेत पुढे आणला. माझ्या मते प्रेरणा घेणे म्हणजे हे.

आता अभिरुचीविषयी. १९६२ साली अँडी वॉरहॉल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने, जो आधी जोड्यांच्या जाहिरातींची चित्रे काढीत असे, सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रे मांडली, आणि जगभर त्याची चर्चा झाली. आपल्याकडे १९६० च्या दशकात भूपेन खख्खर यांनी बाजारातली देवांची छापील चित्रे आपल्या चित्रांत चिकटवली. हुसेन तर मुंबईत सिनेमाची मोठी फलके रंगवून पोट भरत होते. ही मंडळी मोठीच आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. माझा प्रश्न दुसरा आहे. तेच कॅलेंडर, तोच डबा, तेच फलक प्रदर्शनाच्या पांढऱ्या भिंतीवर गेले की कला होते, आणि आमच्या निळ्या भिंतीवर राहिले की भडकपणा होतो, हा निवाडा कोण करतो? आपल्यातला शिकलेला तरुण हा निवाडा करू लागतो, तेव्हा तो स्वतःच्या आईचे डोळे उसने ठरवत असतो. त्या डोळ्यांनीच तर पेटी ओळखली होती.

याचा अर्थ बाजारातले सारे डोक्यावर घ्यावे, असा मी म्हणणार नाही. बाजार आज बाबासाहेबांनाही विकतो. बाबासाहेबांचा चेहरा लहान आणि वाढदिवसाच्या नेत्याचा चेहरा मोठा, असे फ्लेक्स आपल्याच नाक्यावर लागतात. ती छाप आपली नव्हे, ती पुन्हा कोणीतरी आपल्यावर मारलेली छाप आहे. फ्लेक्स आले आणि पेंटरकाकांसारख्यांचे ब्रश गेले, त्याचेही दुःख कोणाला झाले नाही. तेव्हा कोणतीही खूण उचलताना माझ्या आबांनी केले ते करावे. त्यांनी सगळे ठेवले नाही आणि सगळे टाकलेही नाही. लक्ष्मी खरवडली, हत्ती ठेवला. तिकिटावर काय छापले आहे ते पाहिले, आणि त्यातले आपल्या कोणत्या कामाचे, ते स्वतः ठरवले. ते निरक्षर होते, पण चित्र वाचणे त्यांना आपल्यापैकी पुष्कळांपेक्षा चांगले येत होते.

यंदाच्या पोस्टराविषयी त्या मुलाला माझे एवढेच सांगणे आहे. तुला जे शिक्षण मिळाले ते पुरेपूर वापर. रेषा सुधार, अक्षर सुधार, किरणे नको असतील तर काढ. पण कोटाचा निळा फिका करू नकोस. आणि जमले तर कोपऱ्यात सूत कातणारा एक हात काढ. तो अजून कोणत्याच तिकिटावर आलेला नाही.

विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. आपापल्या घरातल्या ट्रंका उघडा. आजीला विचारा, हे चित्र कुठले, ते कोणी आणले, त्याखाली काय होते. पाट्या रंगवणारे म्हातारे अजून गावोगाव आहेत, त्यांच्याकडे बसा, त्यांनी रंगवलेल्या भिंतींची नोंद करा. संग्राहक लोक आज ही जुनी तिकिटे पैसे मोजून घेतात. माझ्याकडेही एकजण झाकण मागायला आला होता. हत्ती आणि आगगाडी त्याला हवी होती. ओरखड्यांमुळे किंमत कमी होईल, असे तो म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि ट्रंक बंद केली.